शेजारणीचं टोपलं

अमरावती
रविवार, १२ जानेवारी २०२५

सुंदराबाईले वच्छलाचा रामराम.

फोन तू कापते म्हणून कागद धाडला. कागद कापाचा म्हटला तं आधी कात्री शोधा लागते, अन् तोवर कोणी ना कोणी दोन ओळी वाचून दाखवतेच. चार वेळा फोन केला मी. तीन वेळा तू 'हालो' म्हटलं, माहा आवाज ऐकला अन् ठेवला. चवथ्या वेळी तं हालोही नाई. अवो, कोणी मेल्याचं सांगाले फोन केला असता तं?

लिहिणारी माह्या ओमप्रकाशची पोरगी आहे, प्रणाली. मी बोलतो, ती लिहिते. मले माह्या नावातला 'व' सुद्धा ओळखू येत नाई, हे तुले माहीत आहे, कारण तुलेही तुह्या नावातला 'स' येत नाई. जाईबाई फुलवाली आठवते ना, आपल्या समोर बसे ते? तिची लेक अकोल्यात देल्ली आहे. पंधरा दिवसाआड जाईबाई तिले भेटाले बडनेऱ्यावरून गाडीत बसते. तिच्याच हातानं हे पाठवून राहिली.

इतवारा बाजारात बावीस वर्षं आपण मांडीले मांडी लावून भाजी इकली. मंग तू पोराले घेऊन अकोल्याले गेली अन् तीस वर्षं तोंड दाखवलं नाई. काहून रुसली, मले आजवर समजलं नाई. कोथिंबिरीच्या जुडीवरून आपलं वाजलं होतं, तेच धरून बसली असशीन. तुहा सोभावच तसा.

जाईबाई सांगत होती, तुहा योगेश डाळ मिलमध्ये मॅनेजर झाला. हमाल म्हणून लागला अन् चढत चढत तथी पोचला म्हणे. कोणाले कामावर घ्याचं, कोणाले नाई, समदं त्याच्या हाती. ऐकून जिवाले बरं वाटलं. तसं माहं काही काम नाई. सहज आठवण आली.

आता आठवण आलीच आहे तं सांगतो. माहा नातू कुलदीप, ओमप्रकाशचाच पोरगा, इंजिनियर झाला, त्याले दोन वर्षं झाली. लय हुशार. चौदा-चौदा तास अभ्यास करते. पहाटे उठते. मोठ्यायचा मान ठेवते. कामाले वाघ.

(सुंदराआजी, कुलदीप दहा वाजता उठतो. चौदा तास फोन पाहतो. आजीला वाचता येत नाही, म्हणून हे कंसात लिहिते आहे. — लिहिणारी)

मी त्याले म्हटलं, बावा, ओळखीपाळखीच्या माणसाले इचार. तं म्हणते, "आजी, ही वशिलेबाजी झाली. मी नेटवर्किंग करतो." म्हटलं, फरक काय? तं म्हणते, वशिला ओळखीच्या माणसाचा असते अन् नेटवर्किंग अनोळखी माणसासंग असते. घ्या! फोनवर त्याच्या पाचशेच्या वर ओळखी आहेत. मांगच्या महिन्यात त्याले ताप आला, तवा पाचशातला एकही मोसंबी घेऊन नाई आला. बेंगलोरच्या कोण्या माणसाले नोकरीत पाच वर्षं झाली म्हणून यानं त्याले अभिनंदन धाडलं. अन् याच्या सोताच्या बापाले कॉलेजात शिपाई लागून या महिन्यात तीस वर्षं झाली, त्याले एक कप चहा नाई इचारला.

ते तीस वर्षांचं खोड पोरी. नको लिहू.

(लिहून झालं होतं. — लिहिणारी)

योगेशले आशीर्वाद सांग. काम काहीच नाई.

तुही,
वच्छला


अमरावती
रविवार, २६ जानेवारी २०२५

सुंदरा,

तू हसली म्हणे. जाईबाईनं सांगतलं, पत्र ऐकता ऐकता तुले असा ठसका लागला का पाणी पाजा लागलं. माह्या पत्रात हसाले काय होतं? मी तं पोराचे गुण सांगतले.

अन् वाचून दाखवलं कोणी, तं योगेशनं! अवो, घरात सून नव्हती? शेजारी पोट्टेपाट्टे नव्हते? ज्याच्यापाशी काम आहे, त्याच्याच तोंडून अर्जी वाचून घेतली? म्हणजे काम तसं नाईच म्हणा. पण माणसानं काही लाज ठेवावी.

तुहा निरोप भेटला. "वच्छलाले इचार, नातू चौदा तास अभ्यास करते तं जेवते कवा? अन् कोथिंबिरीचं सोड म्हणा. माह्या टोपल्याचं सांग."

टोपल्याचं काय सांगू? बाजाराची रीत तुले मी शिकवू? शेजारीण उठून गेली का तिचं टोपलं आधी इकाचं, मंग आपलं. तिचं गिऱ्हाईक आपल्या टोपल्याकडं वढाचं नाई. गिऱ्हाईकानं तिच्यासाठी निरोप ठेवला तं तो तिलेच द्याचा, मधात खाचा नाई. एवढ्या तीन गोष्टी पाळल्या का बाई बाजारात म्हातारी होते, नाई पाळल्या तं तिले कोणी शेजारी बसू देत नाई.

तू लेकीच्या, चंदाच्या बाळंतपणाले बाळापूरले गेली होती. तीन दिवस. त्या तीन दिवसांत तुही मेथी मी आधी इकली अन् माही वांगी सुकू देल्ली. तुही एक जुडी इकडची तिकडं नाई झाली, देवाची आण घेतो. तरी अकोल्याले जाताना तू काय म्हटलं? "वच्छला, माहं टोपलं लय चांगलं सांभाळलं तू." अन् तोंड फिरवलं. हे चांगलं म्हटलं का वाईट, तीस वर्षं झाली, मी पाहूनच राहिली.

(हे सांगताना आजीने तीनदा पाणी मागितलं आणि एकदाही प्यायली नाही. — लिहिणारी)

जाऊ दे. कुलदीपचं ऐक. या आठवड्यात तो इथच्या एका मोठ्या हॉटेलात गेला होता. नेटवर्किंगची बैठक म्हणे. दोस्ताचा कोट घालून गेला. कोट खांद्यात बसेना, तं दिवसभर हात वर नाई केला पोट्ट्यानं. परत आला तवा खिशात पत्त्यायच्या कॅटाएवढी गड्डी, समदे नावाचे कार्ड. मले वाटलं जमलं! म्हटलं, यातला नोकरी देणारा कोणता? प्रणालीनं एकेक वाचून दाखवलं. बारा जण सोताच नोकरी शोधून राहिले होते, चौघं विमा इकत होते, अन् एक जण नोकरी कशी शोधाची ते शिकवत होता.

म्हणजे समद्या बाया टोपले घेऊन बाजारात बसल्या अन् गिऱ्हाईक एकही नाई. मंग काय, तू माही भाजी पाह्य, मी तुही पाहतो.

त्या गड्डीतले चार कार्ड मी माह्या खाटीच्या पायाखाली घातले. खाट हालत होती, आता नाई हालत. झाला काही तरी उपयोग.

मी त्याले समजावून सांगतलं का बावा, ओळख अशी एका दिवसात नाई होत. आपण बावीस वर्षं गिऱ्हाईकाच्या पिशवीत वरून चार मिरच्या टाकल्या, त्यायच्या सासूचा गुडघा इचारला, पोरीचं स्थळ इचारलं, तवा कुठं ते आपल्याले नावानं हाक मारू लागले. तं हा म्हणते, "आजी, तुमच्या टायमाची गोष्ट वेगळी होती." आमच्या टायमाची! जशी काही त्याच्या टायमाले माणसं झाडाले लागतात.

योगेशले म्हणा, पोराले एक वेळ पाहून तं घे. पाह्याले काय जाते?

तुही,
वच्छला


अमरावती
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

सुंदरा,

तुह्या निरोपानं माही झोप गेली. आणखी लांब निरोप धाडती तं बरं होतं. जाईबाई आली, पदर खोचला अन् म्हणाली, "सुंदरा म्हणते, जुडीचं नाई इचारलं. निरोपाचं इचारलं." बस. चहा पिऊन निघून गेली भवानी.

म्हणजे तुले माहीत होतं. तीस वर्षं माहीत होतं, अन् मी कोथिंबिरीची जुडी फिरवून राहिली.

पोरी, दार लोटून घे. तुहा बाप घरात आहे. आता मी जे बोलतो ते बोलतो तसंच लिही, मधात मले काही इचारू नको.

सुंदरा, तू बाळापूरले गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या बाई आल्या. तुह्या गिऱ्हाईक. आठ वर्षं भाजी तुह्याच टोपल्यातून नेत. तू त्यायले योगेशसाठी शब्द टाकला होता, मले ठाऊक होतं, कारण माह्यासमोरच टाकला होता. तुहं टोपलं मीच पाहून राहिली होती. बाई म्हणाल्या, "सुंदराबाईला सांग, उद्या सकाळी योगेशला साहेबांकडे पाठव. शिपायाची जागा आहे. उद्याच."

मी म्हटलं, "योगेश तं मायसंग बाळापूरले गेला बाई. माहा ओमप्रकाश चालन काय?"

योगेश कुठी गेला नव्हता. तो नळावर तुही मेथी धूत होता. हाक मारली असती तं दहा पावलांत आला असता. मले त्याची पाठ दिसून राहिली होती. निळा सदरा होता.

मी हाक नाई मारली.

ओमप्रकाश लागला. त्याच नोकरीवर हे घर बांधलं, त्याचं लग्न झालं, हे दोघं शिकले. त्याले आजही वाटते, बाईंनी मायवर खूश होऊन आपल्याले ठेवलं. मी कधी नाई सांगतलं. आता भिंतीपल्याड आहे तो. ऐकत असन तं ऐको.

तुही मेथी मी एक जुडी इकडची तिकडं नाई केली, हे मी लोकायले सांगत आली. खरंच आहे ते. जुडीले हात नाई लावला.

योगेश, बाबू, तू हे मोठ्यानं वाचून राहिला असशीन. थांबू नको, मायले पुरं ऐकव. तू त्यानंतर अकोल्यात पोती वाहिली. मी तुह्या मायले एकदाही इचारलं नाई का पोराची पाठ कशी आहे.

कुलदीपचं नाव मी आता काढणार नाई. कोण्या तोंडानं काढू? लाज काही माह्याजवळ शिल्लक आहे अजून.

तुही,
वच्छला

त्याचा फोन नंबर तेवढा खाली लिही पोरी. राहू दे. असला तं असला.

(नंबर लिहिला नाही. बाबांनी ऐकलं आहे. ते अंगणात जाऊन उभे आहेत. सुंदराआजी, मला हे आजपर्यंत माहीत नव्हतं. माझी कॉलेजची फी त्याच पगारातून गेली. — लिहिणारी)


अमरावती
रविवार, २ मार्च २०२५

सुंदरा,

आधी मले हे सांगू दे का माह्या घरात मी घूस पोसली. घूस! धान्याच्या कोठीले खालून भोक पाडते ते. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी जाईबाई आली अन् हसत हसत म्हणाली, "वच्छला, तुही लिहिणारी कंसात खरं खरं लिहिते, तुले ठाव आहे का?" मी म्हटलं कंस कोणता, मथुरेचा? तं म्हणे नाई, पत्रातला. दहा वाजता उठते, चौदा तास फोन पाहते, पाणी मागतलं अन् पेली नाई, समदं! म्हणून तुले ठसका लागला होता!

मी पोरीले धरलं. म्हटलं, काहून वो, घरचं बाहेर सांगते? तं शांतपणे म्हणते, "आजी, त्यांनी विश्वास ठेवून कामाला घेतलं असतं आणि कुलदीप दहाला पोचला असता, तर नाव कोणाचं गेलं असतं?" मंग मी दुसऱ्याच गोष्टीवरून रागावली.

दोन वर्षं झाली, पोरगी बी. एस्सी. होऊन झेरॉक्सच्या दुकानात लोकायचे फॉर्म भरून राहिली. तिनं कधी कोट मागतला नाई अन् आमी कोणी तिले इचारलं नाई का तुले काय पाहिजे. मी तं तिले आपली लिहिणारी म्हणूनच धरलं.

ओमप्रकाशनं तीन दिवस माह्यासंग बोलणं सोडलं होतं. चवथ्या दिवशी म्हणाला, "माय, मले त्या टायमाले सांगतलं असतं तं मी गेलो नसतो." म्हटलं, म्हणूनच नाई सांगतलं. मंग उठला अन् चहा मांडला. दोन कप. कुलदीपनं फोनवरून मान वर केली, तं त्याच्यासाठी तिसरा मांडला. एवढंच झालं.

आता कामाचं. तुहा निरोप पोचला. गुरुवारी, सहा तारखेले, सकाळी साडेदहाले मिलवर. कुलदीपले पाठवतो. शर्ट इस्त्री करून ठेवला आहे त्याचा.

आता हे मोठ्यानं वाचून दाखव पोरी. कंस असन तं तोही वाच. आता मी ऐकल्याशिवाय कागद हलू देणार नाई.

(वाचून दाखवलं. कंस नव्हता. "कुलदीपले पाठवतो" इथपर्यंत आले तेव्हा आजी म्हणाली, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग म्हणाली, खोड ते. मी खोडलं नाही. — लिहिणारी)

खोड म्हटलं तं खोडत नाई, अन् लिहू नको म्हटलं तं लिहिते. राहू दे. राहू दे तसंच. सुंदराले दिसू दे का म्हातारपणातही माही खोड जात नाई.

आता लिही. पेन थांबवू नको, काहीही ऐकलं तरी थांबवू नको.

सुंदरा, तुहा निरोप कुलदीपसाठी नव्हता. जाईबाईनं मले अंगणात बाजूले घेऊन सांगतला होता, शब्द न् शब्द पाठ आहे. "योगेश म्हणते, पोट्ट्याले घेण्यासारखी जागा नाई. पण मिलवर येणारी तूर तपासून लिहाले माणूस पाहिजे. ओलावा किती, खडा-माती किती, डागी दाणा किती. आतापर्यंत तिघं ठेवले, तिघंही व्यापाऱ्याचं तोंड पाहून आकडा लिहीत. जे सोताच्या आजीच्या पत्रात सोताच्या भावाबद्दल खरं लिहिते, ते पोरगी पाहिजे. गुरुवारी साडेदहाले पाठव. कागदपत्रं घेऊन."

लिही म्हटलं ना, थांबू नको.

हा निरोप माह्यापाशी तीन दिवस होता. पोरगी घरातच होती, दहा पावलांवर. भांडे घासून राहिली होती, मले तिची पाठ दिसून राहिली होती. अन् मी काय केलं, तं कुलदीपचा शर्ट इस्त्रीले देल्ला. मनात म्हटलं, एक वेळ पोट्टा समोर उभा राहिला तं योगेश काय वापस धाडन? पोरीचं काय, तिचं लग्न होईन. सुंदरा, मी तेच करून राहिली होती. तोंडातून निघेपर्यंत मलेही समजलं नाई. पोरीनं वाचलं तवा ऐकू आलं.

तं लिही पोरी. प्रणालीले गुरुवारी पाठवतो. सकाळच्या गाडीनं, बडनेऱ्यावरून, मूर्तिजापूर गेलं का उतराची तयारी कर. संग बाप येईन, पण मिलच्या दारापर्यंतच. आत एकटी जाईन. हे पत्रही तिच्याच हातानं पाठवतो, जाईबाईच्या नाई. तुहा निरोप ज्याचा होता त्याले देल्ला.

योगेशले सांग, तिले आकडा बदलाले सांगू नको. बदलत नाई ते. मी सांगून पाहिलं.

तुहा दुसरा निरोपही भेटला. "नोकरीचं योगेशकडं आहे, माफीचं माह्याकडं आहे, अन् ते मी अजून ठरवलं नाई." बरं. तुह्याकडंच राहू दे. घाई नाई. पण फोन तं उचल वो बाई! आता आपल्या दोघीच राहिल्या त्या रांगेतल्या. आपल्या बाजूले बसे ते मैनाबाई वारली. समोरची जाईबाई आहे, पण ती काय, फुलवाली. तिले भाजीतलं काय समजते?

कुलदीप शर्ट घालून आरशापुढं उभा आहे. त्याले अजून सांगाचं आहे. मीच सांगतो. ते मले कोणाच्या हातानं धाडता नाई येत.

तुही,
वच्छला

पोरी, एवढं केलं तं त्याचा नंबर टाक खाली. हमालाची जागा निघाली तरी चालन म्हणा. योगेश नाई का हमालीपासून चढला?

(नंबर लिहिला नाही. गुरुवारी मी स्वतःच विचारेन. तो दहा वाजता उठतो, हेही सांगेन. — प्रणाली)